पाच वाजताची भाकरी

१७ नोव्हेंबर, सोमवार

प्रगतीताईंनी आज माणूस आणून सोडला. पोतं आणून टाकावं तसा! "तुळशीताई, हा सावळा. वावर-वांगणीचा. तुम्हाला हात हवा होता ना?"

हात हवा होता, हे खरं. बाजाराच्या दिवशी अख्खं मोखाडं माझ्या खानावळीत जेवायला येतं आणि भांड्यांचा ढीग पत्र्याला टेकतो. पण हा हात चार वर्षं तुरुंगात होता. वसईला दुकान फोडणाऱ्यांबरोबर गेला आणि सापडला. प्रगतीताईंची संस्था जव्हारला आहे. सुटून आलेल्यांना आधी बोलायला-वागायला शिकवायचं, मग कामाला लावायचं, हे त्यांचं काम. त्यांना वाटलं, मी समजून घेईन. का? तर माझाही नवरा आतच आहे. जशी काही ती माझी पदवीच!

सावळा दारातच उभा. ये म्हटल्यावर आत आला. म्हटलं, "आधी खा, मग भांडी घास." मी दुसरी भाकरी थापेपर्यंत हा ताट धुऊन उभा.

१८ नोव्हेंबर

थंडी. भांडी स्वच्छ घासतो. बोलत नाही. बरंय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी शटर अर्धं ओढताना हातातून सुटलं. धाडकन आवाज! सावळा भिंतीशी उकिडवा बसला, हात गुडघ्यांवर, मान खाली. गिऱ्हाईकं हसली. मीही हसले. "काय रे, काय झालं?"

"गिनती, बाई. सवय हाय."

तिथे कोंडायच्या आधी जोडीजोडीनं बसवून मोजतात म्हणे. त्यानं शेजारी एका माणसाची जागा सोडली होती. जोडीदाराची. ती जागा पाहिली आणि माझं हसू गेलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी गर्दी ओसरल्यावर प्रगतीताईंनी इथेच शाळा भरवली. मी गिऱ्हाईक, सावळा वाढणारा. हा आपला हात मागे बांधून उभा. "काय पायजे साहेब?"

"अरे, मी बाई आहे!"

"हो साहेब."

प्रगतीताई पोट धरून हसल्या. मग खरा धडा. कुणी विचारलं, इतकी वर्षं कुठे होतास, तर काय सांगशील? सावळा म्हणाला, "भिवंडीला कामाला व्हतो." त्या म्हणाल्या, खोटं नाही. शिक्षा झाली होती, भोगून आलो, आता काम करतो. एवढंच. त्याच्याकडून ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. दर वेळी आधी भिवंडीच तोंडात येई.

निघताना मला हळूच म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांची सुटका जानेवारीत आहे. घरात घेणार ना?"

मी म्हटलं, "कांदा संपलाय, आणायला हवा."

२६ नोव्हेंबर

एकदाचं लिहून टाकते. माझ्या नवऱ्यानं माझ्या भावाला ढकललं. मंगळ्याला. खोडाळ्याला, माहेरच्या बांधावर, एका सागाच्या झाडावरून भांडण झालं. मारायचं नव्हतं म्हणतात. डोकं दगडावर आपटलं, संपलं.

भाऊ माझा, नवराही माझा. रडायचं कुणासाठी? रडलेच नाही. बसून बसून पाय झोपतो ना, तशी मी सगळीच झोपले आहे. आई तेव्हापासून माझ्या हातचं पाणी घेत नाही. शिक्षा लागल्यावर मी एकदा त्याला भेटायला गेले होते. दिवसभर बसले. तो बाहेर आलाच नाही. निरोप पाठवला, नको येऊ म्हणावं. मग नाही गेले. पाच वर्षं झाली.

२ डिसेंबर, मंगळवार

भाकऱ्या कमी पडतात, मी संशय मांजरावर घेत होते. आज पिठाच्या डब्यामागे फडक्यात गुंडाळलेली अर्धी भाकरी सापडली. सावळ्याचं फडकं! बाजाराची गर्दी, तव्यावर हात भाजलेला, आणि माझं तोंड सुटलं. "चोरच तू शेवटी!" सगळ्यांसमोर.

तो पांढरा पडला. "चोरली नाय, बाई. माज्याच ताटातली हाय. तठं पाचला जेवान देतात आन बंद करतात. मंग रातची भूक लागली तं कोन देल? अर्धी ठेवायची. अठं डबं भरलेलं दिसतात, पन मन मानत नाय."

उरलेली भांडी घासली. हात पुसले. गेला.

३ डिसेंबर

सावळा आला नाही.

४ डिसेंबर

आज पण नाही. प्रगतीताईंचा फोन. तुम्ही काय म्हणालात त्याला? जे म्हणाले ते सांगितलं. त्यांनी फोनच ठेवून दिला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी पाचला ताट वाढून ठेवलं, उगाच.

५ डिसेंबर, शुक्रवार

खानावळ बंद ठेवली. जव्हारपर्यंत जीप, तिथून वावरकडची दुसरी, मग पायी. वाटेत म्हणत होते, चुकले म्हणायचं, चुकले म्हणायचं. पोचल्यावर म्हटलं काय, तर "भांडी पडलीत, चल."

सावळा बोचकं बांधून बसला होता, वीटभट्टीवर जायला. त्याच्या आईचं नाव सुकी. तिनं मला न विचारता पेज दिली. सावळा जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमी कोन, मना ठाव हाय. सोमा माज्याच बराकीत व्हता."

सोमा. माझा नवरा.

"त्यानंच सांगला, सुटलास का मोखाड्याला जा. माझी बायको कोनाला उपाशी ठेवत नाय. मीच प्रगतीताईला बोललो, मना तठंच काम पायजे."

मी विचारलं, आणखी काय म्हणायचा?

"तो पन अर्धी भाकर ठेवायचा. खायचा नाय. सकाळी कावळ्याला टाकायचा, खिडकीतून. मंगळ्याची हाय म्हनायचा. रोज. आमी हसायचो पयले. मंग नाय हसलो."

"मग मला भेटला का नाही?"

"तोंड कोनतं दाखवू, म्हनायचा."

मी पेज संपवली. भांडं धुऊन सुकीच्या हातात दिलं. आता काहीतरी वाटेल म्हणून थांबले. काही वाटलं नाही. याचीच भीती वाटली.

निघताना मात्र तोंडातून निघालं, "चुकले मी, सावळा." तो उठला. बोचकं उचलून माझ्या मागे चालायला लागला.

८ डिसेंबर

त्याला झाकणाचा डबा दिला. हा तुझा. अर्धी ठेव, सगळी ठेव, कुणाला विचारायचं नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

आज एका गिऱ्हाइकानं खवचटपणे विचारलंच, "काय रे, लय वर्षांनी दिसलास?" मी झारा घेऊन पुढे झाले. पण सावळा ताठ उभा राहिला. "शिक्षा झालती. भोगून आलो. आता काम करतो. वरान देऊ?" गिऱ्हाईक गप जेवलं, वर वरण मागून घेतलं! हात मात्र अजून मागेच बांधतो.

२३ डिसेंबर

सकाळी पहिल्या भाकरीचा तुकडा मागच्या पत्र्यावर ठेवला. मंगळ्याच्या नावानं. माझ्या हातून पहिल्यांदाच. कावळा आला नाही, मांजरानं खाल्ला. मंगळ्याला मांजरं आवडायची. जाऊ दे.

१२ जानेवारी, सोमवार

प्रगतीताई आल्या. म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात सुटतोय. कुठे आणू त्याला?

मी स्पष्ट सांगितलं. माझ्या घरात नको. त्याच्याशेजारी बसायचं, त्याच्या हातांकडे बघायचं, मला जमणार नाही. भाकरीचं कळलं, चांगलं केलं त्यानं, पण मंगळ्या तेवढ्यानं उठून येत नाही.

त्या म्हणाल्या, ठीक आहे, संस्थेत एक खोली आहे. पण काम? त्याला कोण देणार काम?

मागे सावळा भांडी आपटत होता. मी ओरडले त्याच्यावर. उगाच.

१९ जानेवारी

झोप नाही. पीठ दोनदा मळलं.

२० जानेवारी, मंगळवार

पाचच्या सुमाराला आला. प्रगतीताई मागे थांबल्या. हा दाराबाहेर उभा, हात मागे, केस पांढरे. कुणी ये म्हटल्याशिवाय आत येणार नाही, हे मला आता माहीत आहे. सावळा माझ्याकडे बघत राहिला.

घराचं दार बंदच आहे. हे खानावळीचं. मी म्हटलं, "ये. आधी खा, मग भांडी घास."

खाली मान घालून जेवला. अर्धी भाकरी बाजूला काढली आणि बांधायला काही मिळेना म्हणून हातात धरून बसला. मी सावळ्याच्या डब्याशेजारी दुसरा डबा ठेवला. झाकण उघडेना. सावळ्यानं उघडून दिला.

मग मागच्या पत्र्याखाली जाऊन रडले. मंगळ्यासाठी. मोठ्यानं. आत गिऱ्हाईकं होती. ऐकू दे.