तीस हजारांचं घर

॥ श्री ॥

उल्हासनगर, कॅम्प ४
रविवार, ९ जुलै १९९५

सौ. पद्मजास,
स. न. वि. वि.

आपल्या घराची किल्ली विष्णुपंतांच्या हाती देऊन आठवडा झाला. मी जनूच्या खोलीवर नीट पोचलो. आम्ही चौघं आहोत, चौघंही आमच्याच कंपनीतले. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे कोणी ना कोणी कायम झोपलेलं असतं, त्यामुळे खोलीत बोलायचं तर कुजबुजत बोलावं लागतं. माझी वळकटी दाराशी आहे. पाऊस आला की पायाकडची बाजू ओली होते, म्हणून पाय पोटाशी घेऊन झोपतो.

संध्याकाळच्या कामाचंही जमलं. तू हसशील. ज्या दुकानातून आपण सोफा, शोकेस आणि तो आरशाचा पलंग हप्त्यानं उचलला, त्याच दुकानात मी आता बिलं लिहितो. कंपनीतून सुटलो की अंबरनाथहून थेट इथे, रात्री नऊपर्यंत. रविवारी पूर्ण दिवस. शेठना हसू आवरेना. म्हणाले, मधुभाऊ, पहिले माल घेऊन गेले, आता स्वतःच जमा झाले.

देणी फिटली याचा आनंद मात्र अजून अंगी लागत नाही. विष्णुपंतांनी घर राहायला घेताना तीस हजार डिपॉझिट दिलं, त्यातून कंपनीची पतपेढी, हे दुकान आणि भिशी, तिन्ही एका दिवसात मोकळी झाली, आणि आपण दोघं वेड्यासारखे श्रीखंड घेऊन घरी गेलो. डिपॉझिट म्हणजे परत करायचे पैसे हे आपल्याला वाटी चाटून झाल्यावर सुचलं. आता अकरा महिन्यांत तीस हजार उभे केले तर घर आपलं, नाहीतर म्हातारा-म्हातारी तिथेच राहणार आणि आपण असेच, तू गावात, मी कॅम्पात.

वेगळं राहायची कल्पना तुझी होती, हे विसरू नकोस. एकेकटे आपण काटकसरी आहोत आणि दोघं एकत्र आलो की हात सैल सुटतो, हे तुझं म्हणणं मला पटलं होतं. अजूनही पटतं. फक्त रात्री पटत नाही.

वेणूआत्यांना नमस्कार सांग. लोभ आहे तेवढा राहू दे, सध्या वाढवायला सांगत नाही.

तुझा,
मधु


॥ श्री ॥

बदलापूर गाव
१५ जुलै १९९५

श्री. मधुकरराव यांस,
सा. न. वि. वि.

नवऱ्यानं बायकोला आशीर्वाद लिहायचे असतात, नमस्कार नव्हे. तुमचं पत्र आत्याला वाचून दाखवलं, तर तिनं तेवढंच धरलं आणि दिवसभर हसत होती. बाकीचं पत्र मी तिला वाचून दाखवलं नाही.

मी बरी आहे. आत्याच्या घरात जागा म्हणाल तर ओटीवरचा कोपरा माझा. तिच्या पुतण्याचं कुटुंब आत. लावणीचे दिवस, त्यामुळे सगळी माणसं शेतावर आणि मी एकटी घरात पँटी घेऊन बसते. तुमच्याच गावच्या कारखान्यातल्या जीनच्या पँटी. टेम्पोवाला सोमवारी गठ्ठा टाकतो, शिलाईचे लोंबते धागे कापून द्यायचे, गुरुवारी घेऊन जातो. उल्हासनगरहून पँटी दर आठवड्याला ये-जा करतात, तुम्ही मात्र महिन्यातून एकदा यायचं असं आपलं ठरलंय.

परवा बाजारात गेले होते. वाट वाकडी करून आपल्या बिल्डिंगखालून आले. खिडकीत दुसऱ्याच कोणाचं लुगडं वाळत होतं. आपला निळा पडदा त्यांनी काढून टाकलाय. खाली किराणावाल्यानं विचारलं, वहिनी, कोणाकडे आलात. मी म्हटलं, असंच. मला इतकं वाईट वाटलं की रिक्षा करावीशी वाटली, पण चालतच आले. हे काटकसरीत धरा.

पहिल्या शुक्रवारी, तुमच्या कंपनीच्या सुट्टीला, अंबरनाथला भेटू. तुम्हालाही अर्ध्या वाटेत, मलाही.

तब्येतीला जपा, ओल्यात झोपू नका. असाच लोभ ठेवावा, तो देताना हात आखडू नये.

आपली,
पद्मजा


॥ श्री ॥

उल्हासनगर
५ ऑगस्ट १९९५

चि. सौ. पद्मजास,
अ. उ. आ.

घे, आत्यांच्या आज्ञेप्रमाणे आशीर्वाद.

कालचा दिवस सोन्यासारखा गेला आणि सोन्याच्या भावानंच गेला. तुला गाडीत बसवून परत आलो आणि खिशात हात घातला. मसाला डोसा, नंतर कॉफी, मग तुझ्या पायात पट्टा तुटलेली चप्पल बघवेना म्हणून चप्पल. तिथपर्यंत मी समजू शकतो. पण तो टेबलक्लॉथ आपण का घेतला? टेबल विष्णुपंतांच्या ताब्यात, आणि आपण अंबरनाथ पश्चिमेच्या रस्त्यावर उभं राहून फुलं मोठी बरी की बारीक बरी यावर अर्धा तास घालवला. हातगाडीवाल्याला वाटलं असेल, यांच्या घरी आज पाहुणे आहेत.

तो मी उशाखाली घडी करून ठेवलाय. जनू विचारत होता, हे काय. मी रुमाल म्हणून सांगितलं.

मी काय म्हणतो, दर महिन्याची भेट नको. आपलं आपल्यावर चालत नाही. पत्रं लिहू. अंतर्देशीय पत्र आपल्या डोशापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. तुला पटेल का ते कळव. नाही पटलं तर मला मनातून बरं वाटेल, पण तरी पटू दे.

तुझा,
मधु


॥ श्री ॥

बदलापूर गाव
३० ऑक्टोबर १९९५

श्री. मधुकरराव यांस,
सा. न. वि. वि.

तुमचा बोनस सगळा बँकेत गेला हे वाचून आनंद झाला. तुम्ही दिवाळीत दुकानात होतात, चार दिवस हिशोबाला मान वर करायला फुरसत नव्हती, तेही कळलं. तक्रार करत नाही, ठरलं तसंच झालं.

पाडव्याला इथे सगळ्या बायकांनी आपापल्या नवऱ्याला ओवाळलं. आत्या तर विधवा, ती मागे चुलीपाशी बसली, आणि मीही तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, पोरी, तुला काय झालंय इथे बसायला, तुझा तर धडधाकट चार कोसांवर आहे. आपण चांगल्या कामासाठी लांब राहतोय, हे तिला सांगायचा प्रयत्न केला, पण तोंडातून निघाल्यावर ते मलाच खरं वाटेना.

पत्रातून तुम्ही पुष्कळ बोलता. परवाच्या पत्रात लहानपणी विहिरीत पडल्याचं लिहिलंत. लग्नाला बारा वर्षं झाली, मला माहीतच नव्हतं. मी ते पत्र पँटींच्या गठ्ठ्याखाली ठेवलंय आणि दुपारी काढून वाचते.

रात्रीच्या जेवणाला काय खाता ते दर वेळी लिहायचं टाळता. या वेळी लिहा.

आपली,
पद्मजा


॥ श्री ॥

उल्हासनगर
७ एप्रिल १९९६

चि. सौ. पद्मजास,
अ. उ. आ.

मागच्या महिन्यात दुकानात एक जोडपं आलं होतं, आपल्या लग्नाच्या वेळच्या वयाचं. शोकेस बघत होतं. ती म्हणे मोठी, तो म्हणे त्याहून मोठी. मी बिल लिहायच्या आधी हळूच विचारलं, आत ठेवायला काय आहे. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि उद्या येतो म्हणून गेले ते आलेच नाहीत. शेठनी ऐकलं होतं. म्हणाले, मधुभाऊ, आप मेरा धंदा बिठाओगे. रागावले नाहीत, पण आता मला गिऱ्हाइकापासून लांब, आत बसवलंय.

दुसरी गोष्ट जरा नावडती आहे. अजून चारेक हजार कमी पडताहेत. आणि विष्णुपंत आणखी सहा महिने मुदत मागताहेत. म्हातारं माणूस, नाही म्हणायला जीभ रेटत नाही. तेवढ्यात आपली रक्कमही पुरी होईल आणि थोडी गंगाजळीही शिल्लक राहील. इतके दिवस काढले, आणखी थोडे. तुझं काय मत ते कळव, पण रागावून नको.

रात्री झुणका-भाकर खातो. रोज.

तुझा,
मधु


॥ श्री ॥

बदलापूर गाव
२ मे १९९६

श्री. मधुकरराव यांस,
सा. न. वि. वि.

काल विष्णुपंत भेटले. मी त्यांना म्हटलं, आणखी सहा महिने राहताय म्हणे, राहा सुखानं. त्यांना काही कळेना. ते म्हणाले, मी कुठे मुदत मागितली. माझा मुलगा कल्याणला जागा घेऊन बसलाय, आम्ही तर मेअखेर निघायच्या बेतात होतो. तुमचे यजमानच गुढीपाडव्याला पिशवीत पूर्ण रक्कम घेऊन आले, चहा घेतला, रक्कम तशीच परत घेऊन गेले, आणि जाताना म्हणाले की हवं तर दिवाळीपर्यंत राहा, आम्हाला घाई नाही.

रस्त्यात उभी होते म्हणून हसून निरोप घेतला.

मला एकच सांगा, आणि खरं सांगा. तिकडे दुसरं कोणी आहे का? नसेल तर मग घाई का नाही? मी इथे बोटांना कात्रीचे घट्टे पाडून एकेक महिना मोजते आणि तुम्हाला घाई नाही. दहा महिने मी परक्याच्या ओटीवर झोपले ते तुमच्या शब्दावर.

लोभाचं या वेळी काही लिहीत नाही.

पद्मजा


॥ श्री ॥

उल्हासनगर
९ मे १९९६

पद्मजा,

विष्णुपंत खरं बोलले. चार हजार कमी होते हे मी खोटं लिहिलं. दुसरं कोणी नाही. असं तुझ्या मनात यावं याचं दुःख आहे, पण ते मीच आणलं.

त्या दिवशी पैसे घेऊन गेलो तेव्हा खुशीत होतो. विष्णुपंतांनी मला आपल्याच सोफ्यावर बसवलं. समोर आपली शोकेस, तिच्यात त्यांच्या नातवंडांचे फोटो. आणि मला आठवलं, डॉक्टरांनी आता मूल होणं नाही असं सांगितलं, त्यानंतरच्या पहिल्याच सुट्टीला आपण ती शोकेस घेतली होती. त्याबद्दल एक शब्दही बोललो नव्हतो. दुकानात गेलो, रंग निवडला, टेम्पो ठरवला. मग आरशाचा पलंग. मग टीव्ही. त्या घरात आपण इतकी वर्षं काय बोललो ते मी चहा पिताना आठवत होतो. हप्ता कितीचा, कोपऱ्यात काय बसेल, शेजारच्यांनी काय घेतलं. आता काही घ्यायचं नाही असं ठरल्यावर संध्याकाळी समोरासमोर बसून आपण बोलणार काय? पिशवी उचलली आणि निघालो.

इथून तुला लिहितो तेव्हा बोलायला पुष्कळ असतं. मशीनवर उभा असताना वाक्यं जुळवत असतो. तुझं पत्र आलं की जनू झोपेपर्यंत थांबतो, मग वाचतो. मला वाटलं, तू समोर आलीस की हे संपेल, पुन्हा आपण दोघं गप्प आणि मधे एखादी नवी वस्तू. एकटं राहणं वाईट आहे पद्मजा, पण तुझ्याजवळ बसून एकटं असणं मला जास्त वाईट वाटत होतं.

पैसे बँकेत आहेत, रुपयाही हललेला नाही. तू सांगशील ते करतो.

मधु


॥ श्री ॥

बदलापूर गाव
१६ मे १९९६

श्री. मधुकरराव यांस,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, इतका की कात्री जोरात चालली आणि एक पँट कापली गेली. तिचे पैसे माझ्या मजुरीतून जातील. दुसऱ्यांदा रडले. आत्या नुसती जवळ येऊन लसूण सोलत बसली. शोकेसबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला माहीत होतं. घेतली त्याच दिवशी माहीत होतं. तुम्हालाही माहीत असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

आता माझंही ऐका. संक्रांतीला तुम्ही यायचं म्हणत होतात तेव्हा आत्याला ताप आहे, येऊ नका, असं मी कळवलं. तिला काही ताप नव्हता. दोन दिवस खपून मी तुम्हाला मोठं पत्र लिहिलं होतं, त्यात आईच्या मरणाचं सगळं होतं, आणि तुम्ही आलात तर ते पोस्टात टाकायचं राहून जाईल, तोंडानं मला सांगता येणार नाही, अशी भीती वाटली. तेव्हा फसवण्यात मीही मागे नाही. पण मला आता या ओटीची सवय व्हायला लागली आहे. सकाळी उठल्यावर तुमची आठवण यायला हल्ली थोडा उशीर होतो. त्याची मला धास्ती वाटते.

विष्णुपंतांकडे मी जाऊन आले. ते ३१ तारखेला निघतील. सोफा आणि शोकेस त्यांनी विकत मागितली, मी तुम्हाला न विचारता देऊन टाकली. पलंग तेवढा आपला ठेवलाय. एक जूनला शनिवार आहे. तुम्ही त्यांची रक्कम आदल्या दिवशी पोचती करा. शनिवारी दुकानात येणार नाही असं शेठना सांगा आणि कंपनीतून थेट घरी या. मी सकाळपासून तिथे असेन, झाडून-पुसून ठेवते.

समोर बसून काय बोलायचं ते मलाही सुचत नाही. पहिले काही दिवस फार जड जातील असं वाटतं. मी आईच्या मरणापासून सुरू करून बघेन. नाही जमलं तर थांबेन, तुम्ही उठून जाऊ नका.

लोभ आहे, तो मी घेऊन येते. तुमचा तुम्ही आणा.

आपली,
पद्मजा

ता. क. या पत्राला उत्तर पाठवू नका. तुमचं पत्र आलं की मी पुन्हा लिहायला बसेन.