पाडसाने हाक मारायची नाही

आत-बाशी,
१७ मार्च १९९८

लाडक्या बुरुल,

उदंड आयुष्याची हो. मी बरी आहे. गाय व्याली, वासरू तांबडं आहे. छपरावरचं बर्फ अजून वितळलेलं नाही.

तिसरीला हरिणीची कविता शिकवते आहे. तुलाही मीच शिकवली होती. लांडगा येतो, हरिणी पाडसाला गवतात दडवते आणि मुद्दाम लंगडत उघड्या माळावर धावत सुटते. वीस वर्षं मी एवढंच सांगत आले, की आई शूर असते. काल चिमुरडी नाझिक उभी राहिली.

"बाई, पाडस आईला हाक का मारत नाही?"

"तूच सांग."

"हाक मारली तर लांडगा मागं फिरेल ना! पण बाई, तिचं लंगडणं खोटं आहे, हे त्याला कळलं तर?"

वर्ग हसला. माझ्या हातातला खडू मोडला.

शनिवारी उमसुनाई आली होती, मेदेरची आई. "मास्तरीणबाई, सभेत गरजता, घरी निदान चहा तरी पाजा!" चहा पिता पिता म्हणाली, "पांढरा रुमाल धुऊन ठेवलाय हो. सुनेच्या डोक्यावर शोभेल." मग हळूच तुझ्या वसतिगृहाचा पत्ता विचारला. मेदेरने तुला उचलून न्यायला मित्राची गाडी आणून ठेवली आहे.

मी हसले. म्हटलं, "पत्ता कशाला? गुरुवारच्या बसने येतेच आहे ती, नौरूझच्या सणाला."

पोरी, मी खोटं बोलले. तू येऊ नकोस. काकीन नर्स उद्या हे पत्र तुझ्या हातात देईल. ती उभी असतानाच सामान बांध आणि ओशला मावशीकडे नीघ. फोन करू नकोस. टपाल कचेरीतल्या फोनवर मेदेरची आत्या बसते. गुरुवारी मी तुझी लाल शाल घेऊन थांब्यावर उभी राहीन. मेदेर आणि त्याचे तिघे मित्र माझ्याकडे बघत बसतील, तोवर तू डोंगरापार गेलेली असशील. बस रिकामी झाल्यावर काय होईल, ते मला माहीत नाही.

आणखी एक. तुझे वडील आणि मी पळून जाऊन लग्न केलं, असं तू मैत्रिणींना कौतुकाने सांगतेस. मी पळाले नव्हते. मला उचलून नेलं होतं. त्यांची आजी उंबऱ्यावर आडवी झाली. तिला ओलांडून जाणं म्हणजे शाप. तिसऱ्या दिवशी माझी आई आली. वाटलं, आता ही मला घेऊन जाणार. ती म्हणाली, "दगड पडतो तिथेच जड होतो." आणि चहा पिऊन निघून गेली.

शंभर सभांत मी मुली उचलून नेण्याच्या या चालीवर आग ओकले; हे मात्र एकदाही बोलले नाही. तुझे वडील वाईट नव्हते. पण मला कुणी विचारलंच नव्हतं.

माझ्यासाठी कुणी लंगडलं नाही, बुरुल. तू गप्प पडून राहा. माझं काहीही कानावर आलं, तरी हाक मारू नकोस.

तुला गवतात ठेवून माळावर निघालेली,
तुझी आई
सोनुन