निळे शर्ट आपण छापत नाही

१५ सप्टेंबर
आपला माणूस पहिला. ४४ टक्के. निम्म्याहून जास्त लागतात, म्हणून चार आठवड्यांनी पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. देशाचं नाव लिहीत नाही, धंद्यातली गुप्तता. (उच्चारही जमत नाही.) पण त्या उमेदवाराचे पंचवीस हजार पिवळे टी-शर्ट बोईसरच्या आमच्या युनिटमध्ये माझ्या सुपरव्हिजनखाली छापले. शर्टावरच्या फोटोत त्याची मिशी थोडी दाट मीच करायला लावली. दुसऱ्या फेरीची ऑर्डर आलीच समजा.
उद्यापासून पाचला उठून तिकडच्या बातम्या वाचायच्या.

१६ सप्टेंबर
आठला उठलो. दमयंती म्हणाली, इथल्या मतदानाला झोपून राहता आणि परक्या देशाची काळजी करता. बायकोला आंतरराष्ट्रीय दृष्टी नाही.

१९ सप्टेंबर
तिकडच्या संसदेचा निकाल लागला. आपल्या पक्षाचा धुव्वा. पण संसद वेगळी, अध्यक्ष वेगळा.

२२ सप्टेंबर, दुपार
सेठ वापीला. छपाईवाला झुंबर बायकोबरोबर जेवायला गेलेला. (ती रंभाबाई, आमच्याकडेच शर्टांच्या घड्या घालते.) त्याच्या टेबलावरचा फोन मी उचलला. मुंबईचा दलाल. समोरच्या उमेदवाराचे चाळीस हजार निळे शर्ट हवेत, लगेच होकार द्या म्हणाला. मी सांगितलं, निळे शर्ट आपण छापत नाही. फोन ठेवल्यावर ऊर भरून आला.
सेठना सांगायची गरज नाही. आपली ऑर्डर येतेच आहे.

२९ सप्टेंबर
ऑर्डर नाही. तिसऱ्या नंबरवाल्याने निळ्यांना पाठिंबा दिला. पिवळा शर्ट दिसला की बाजारात मारतात अशी बातमी. म्हणजे शर्ट फाटले असणार. नवे लागणारच.

३ ऑक्टोबर
सेठना कळलं. दलालच बोलला, तुमच्या माणसाने मला उडवून लावलं. काम भिवंडीला गेलं. आमची मशिनं बंद. फोन झुंबरच्या टेबलावर, म्हणून झुंबरला धरलं. तो म्हणाला, मी नव्हतो. सेठ म्हणाले, मग काय भुताने उचलला?
मी सांगणार होतो. पण सेठ तापलेले. तापलेल्या माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो. सोमवारी सांगतो.

६ ऑक्टोबर, सोमवार
झुंबर आणि रंभाबाई, दोघांनाही काढलं. ते राहतात ती युनिटमागची खोली सेठची, तीही आठ दिवसांत सोडायची. मी केबिनच्या दारापर्यंत जाऊन आलो.
नवा प्लॅन: आपला माणूस निवडून येईल, सेठ खूश होतील, तेव्हा सगळं सांगायचं. झुंबर परत कामावर. म्हणजे आता सगळं तिकडच्या मतदारांच्या हातात.

१२ ऑक्टोबर
तिकडे मतदान. दमयंतीला न सांगता गणपतीला नारळ फोडला.

१३ ऑक्टोबर
६१–३९. पडलो.
दुपारी झुंबरचं सामान टेम्पोत चढलं. बीडकडे परत. रंभाबाईने माझ्याकडे पाहिलंही नाही. झुंबर मात्र जवळ आला. वाटलं, आता विचारणार.
तो म्हणाला, "सायब, तुमचा मानूस पडला म्हनं. वाईट वाटलं. लई जीव लावला व्हता तुमी त्येला."
मी म्हटलं, चालायचंच.
लाज वाटली. इथे लिहितो, कारण हे कोणी वाचत नाही.
टेम्पो गेला. सेठ केबिनमध्ये एकटेच होते, दार उघडं होतं. सुटी होईपर्यंत मी बंद मशीन पुसत राहिलो.