तीन ठोक्यांचा खुलासा

ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार.

रोज टोपलीभर शिळा पाव रानडुकरांना घालण्याचा खरा खर्च असा झाला: शाळेच्या शिपायाच्या पोटरीला नऊ टाके, चिरडलेले डबे सव्वीस, कुंपणाचे खांब चार, आणि तुझी मुख्याध्यापिकेची खुर्ची. पाव बेकरीवाला फुकट देत होता. (तोही आता मला बघून शटर खाली ओढतो.)

गुडघा कसा आहे? लेकीकडे जिने फार, उगाच चढउतार करू नकोस. जावयांना नमस्कार सांग. इकडे सगळं ठीक, म्हणजे तुझी भावजय ठीक आहे आणि माझ्याशी बोलत नाही. माझे चौदा फोन तू घेतले नाहीस त्याचा राग नाही; मीही माझा फोन घेतला नसता. म्हणून हे कागदावर.

भंगाराच्या हातगाडीपासून घंटा ओतण्याच्या कारखान्यापर्यंत आलो ते या दोन कानांच्या जोरावर. (लहानपणी तू पिळायचीस तेच.) माझी पद्धत तुला माहीत आहे. नवी घंटा मागच्या अंगणात टांगायची, तीन ठोके द्यायचे, डोळे मिटून ऐकायचं. नाद चढा लागला तर कड आतून घासायची आणि पुन्हा तीन ठोके. माझ्या कुठल्याही दोन घंटांच्या नादात केसाएवढा फरक सापडणार नाही.

तर दोन वर्षांपूर्वी मी दुपारचं जेवून असाच घंटा तपासत होतो, आणि टेकडीवरून एक रानडुकरीण उतरली. मागे पट्टेरी पिल्लं. हाकलायचं सोडून मी पावाचा तुकडा टाकला. दुसऱ्या दिवशी ती परत आली, तिसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन आली. महिन्याभरात अशी गत झाली की मी ठोके दिले की वरची झुडपं हलायला लागायची. ताई, मी फार फुशारलो. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना चहा पाजून अंगणात न्यायचो आणि सांगायचो, बघा, रानातलं जनावर, पण माझ्यावर माया किती.

ती धष्टपुष्ट झाली असं मी समजत होतो. ती सुजली होती. वनरक्षकाने नंतर सगळं सांगितलं. पावाने त्यांची पोटं बिघडतात, आयतं मिळालं की पिल्लं जास्त होतात, आणि त्या पिल्लांना कंद उकरायला कुणी शिकवतच नाही. वर माणसाची भीती जाते. "भीती होती तोवर ती टेकडीवर सुखरूप होती, साहेब," तो म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं; साहेब म्हणाला.

अशात मी तुझ्या शाळेला घंटा भेट दिली. मधल्या सुट्टीचे ठोके तीन. पुढचं तू पाहिलंस, मी कारखान्यात बसून ऐकलं: आधी ठोके, मग उतारावरचे खूर, मग मुलांचा आरडाओरडा. त्याच क्षणी मला सगळं कळलं. आणि मी कानस उचलून कामाला लागलो.

शाळेच्या समितीत ठपका तुझ्यावर आला. मुलांना पटांगणात जेवू देतेस, उष्टं कुंपणापाशी पडतं, म्हणून डुकरं येतात. देणगीदार म्हणून मला पुढची खुर्ची होती. अध्यक्षांनी माझं मत विचारलं. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, मुलांना शिस्त हवी. सात मिनिटं शिस्तीवर बोललो. तुला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून तू मान डोलावलीस. ते मान डोलावणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तुझ्या भावजयीचं माझ्याशी शेवटचं बोलणं असं झालं: "पन्नास पावलांवरून डुकराची चाहूल ओळखता, आणि सख्ख्या बहिणीसाठी एक वाक्य तोंडातून निघत नाही. त्यापेक्षा ती डुकरीण बरी, बहिणीला जेवायला तरी घेऊन आली."

पाव मी घातला, घंटा मी दिली, गप्पही मीच बसलो. तुझी चूक एवढीच की तू मला लहानपणी कमी मारलंस.

तुझा,
धाकटा

ता. क. हे सगळं अध्यक्षांना लिहून दिलं आहे, असं वर लिहिणार होतो. दिलेलं नाही, तो कागद चार दिवस खिशात आहे. तुझी खुर्ची कायमची काढायची का, याचा समितीचा निकाल सोमवारी आहे. तू ये. मी उभा राहून सांगतो, पण पुन्हा शिस्तीकडे घसरलो तर मला खाली बसव आणि हे पत्र मोठ्याने वाच.

आणखी एक. आज वनखात्याने अंगणात पिंजरा लावला. मी म्हणालो, घंटेची गरज नाही, माझ्या हाकेला येतील. अर्धा तास हाका मारल्या, एक झुडूप हललं नाही. मग वनरक्षकाने तीन ठोके दिले. त्याला त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. अकराच्या अकरा मला ढकलून आत गेली. माणसाला सरावलेली जनावरं परत टेकडीवर सोडता येत नाहीत, असं तो म्हणाला. गाडी निघाली तेव्हा मी पिंजऱ्याला अगदी लागून उभा होतो. एकीनेही वर पाहिलं नाही. ती पाव खात होती.