लांबलेली बारावी मात्रा

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. चार महिने पत्र लिहायचं टाळलं, हे आधीच कबूल करतो. म्हणजे तुम्हाला उकरून काढायला नको. गुडघा कसा आहे? मामीचा राग कसा आहे? (दोन्हींपैकी आधी काय उतरलं ते कळवा.)

मला नोकरी लागली आहे. हसू नका. कॉम्प्युटरला ताल शिकवतो. ज्याला तुम्ही 'तिरकिट'वरच हात जोडून घरी पाठवलंत, तो आता मास्तर! जुनी रेकॉर्डिंग्ज कानाला लावायची, दर मात्रेला एक बटण दाबायचं, समेला दुसरं. विलंबित एकताल असला की एका समेपासून दुसरीपर्यंत समोरचा रंगारी खिडकीची अख्खी कड रंगवतो. (त्याच्या नादात एकदा सम त्याच्या ब्रशवर दिली. ते राहू द्या.)

परवा मात्र रेकॉर्डिंग लागलं आणि तबल्यावर तुम्ही! डग्ग्याची ती घुमक मी झोपेतही ओळखीन. गाणारे ते तुमचे दमेकरी बुवा. पडद्यावर दर आवर्तनात बारावी मात्रा लाल. ती लांबली, म्हणून सम उशिरा. आमच्या बाई (गणितातल्या डॉक्टर, मनाने चांगल्या, पण घड्याळ हेच माहेर) म्हणाल्या, "वादकाची चूक. खूण सरकवून सम जागेवर आण."

"चूक नाही. बुवांना श्वास पुरेना, मामा थांबलेत त्यांच्यासाठी."

"पुरावा?"

"माझे मामा आहेत."

"हे नातं झालं. सोमवारपर्यंत सरकव, नाहीतर येऊ नकोस."

नाही सरकवणार! तीन नोकऱ्या आळसाने घालवल्या, ही ताठ मानेने घालवीन. दमलेल्याला मागे टाकून पुढे जायचं याला साथ म्हणतात, असं यंत्र शिकणार असेल तर शिको; माझ्या बोटाने नाही. हे मी बाईंना तोंडावर सांगितलं. (म्हणजे चिठ्ठीत. पण चिठ्ठी टेबलावर ठेवली, उघडी.)

आपला,
भटका भाचा

ता. क. खरं सांगा, थांबला होतात ना? की मात्राच घसरली? 'थांबलो होतो' असं लिहून, सही करून, सोमवारच्या आत पाठवा. घसरली असेल तर नुसती सही पाठवा, वर मी लिहीन.

आणखी ता. क. मान वर केली तर ऑफिसच्या दारात तुम्ही! चिठ्ठी वाचून बाईंनीच फोन करून बोलावलं म्हणे. त्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत कुरकुरतायत, "पाच मिनिटं झाली, हे उभेच. हाक मारू देत नाहीत मला. म्हणतात, त्याचं वाक्य पुरं होऊ दे."

मामा, सही राहू द्या.