शबानाच्या दादीचं चरित्र

शुक्रवार, संध्याकाळ

सुनीतानं असं काहून केलं? इतिहास आणि मराठी एकत्र शिकवू, लेकरांना गावातल्याच माणसांची चरित्रं लिहायला लावू, हे आम्ही दोघींनी ठरवलं होतं. आज शाळेत प्रदर्शन होतं. गावातली बाळंतपणं करणारी शबानाची दादी नवी ओढणी घेऊन आली, तर शबानानं लिहिलेलं तिचं चरित्र भिंतीवर नव्हतंच.

"तपासणीला साहेब येऊन राहिले ना, म्हणून गावातल्या थोरामोठ्यांचीच ठेवली," सुनीता म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी कपाटातून कागद काढून शबानाला व्हरांड्यात वाचायला लावलं. "बराबर लिवलं पोरीनं," म्हणत दादीनं त्या नव्या ओढणीनं डोळे पुसले.

आत सुनीता साहेबांना सांगत होती, "कल्पना आमची दोघींची."

त्या 'दोघीं'तून माझं नाव काढून घ्यावंसं वाटलं.