डाव्या पायाचं काम

२ मार्च, सोमवार

आज माझ्या डाव्या पायाचा जाहीर अपमान झाला. त्याची नोंद कुठेतरी व्हायला हवी.

ड्रायव्हिंग शाळेच्या बाईंनी मला ऑटोमॅटिक गाडीत बसवलं, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "डावा पाय मागे घ्या. त्याचं इथे काही काम नाही." एकावन्न वर्षं उजव्याच्या बरोबरीने चाललेला पाय — एका वाक्यात सक्तीने निवृत्त! ना निरोपसमारंभ, ना नारळ. मी म्हटलं, "बाई, निदान सल्लागार म्हणून तरी ठेवा." बाई हसल्या नाहीत. वीस वर्षं रुग्णवाहिका चालवलेल्या बाईला हसवणं सोपं नाही.

खरं तर गाडी हे हिचं खातं. लग्नानंतर सतरा वर्षं ही चालवत आलीये आणि मी शेजारी बसून दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका मोजत आलोय. छापखान्यातला मुद्रितशोधक, रस्त्यावर तरी दुसरं काय करणार? पण जानेवारीत हिच्या डाव्या डोळ्यातला पडदा सुटला. शस्त्रक्रिया झाली. उजवा डोळा पहिल्यापासून मंद, सगळी भिस्त डाव्यावर. डॉक्टर म्हणाले, सहा महिने गाडी चालवायची नाही, वाकायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही. पडदा नीट धरला तर जिंकलो. दर दुसऱ्या गुरुवारी तपासणी.

म्हणून सारथ्य माझ्याकडे. हिची गाडी गिअरची, ती खाली खोळ पांघरून उभी आहे. मी आपला सोपा मार्ग धरला.

३ मार्च

उजवा पाय माजलाय. एकट्याला सगळी सत्ता मिळाली की असंच होतं.

८ मार्च, रविवार

मेहुणी आणि तिचा नवरा जेवायला. हा माझा साडू. आजपासून या वहीत त्याचं नाव महारथी.

भाताच्या वेळी विषय निघाला. महारथींनी हातातला घास तसाच ठेवला. "ऑटोमॅटिक? साडूभाऊ, तो पाळणा आहे हो पाळणा! आपण आत पडायचं, तो आपला आपण झुलतो." मग ताटावर चमच्याने ताल धरून, "ज्याला गिअर टाकता येत नाही तो ड्रायव्हर नव्हे. सामान! डिकीत जागा नव्हती म्हणून पुढे ठेवलेलं."

मेहुणी हसली. ठीक. तिचा नवरा आहे, तिला भाग आहे. पण ही हसली. डोळ्यावर तळहात धरून, खांदे हलेपर्यंत हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी रोज सकाळी हिच्यासाठी एकेक कोटी घडवून आणतो, त्यावर नुसतं "हं" मिळतं. आणि याच्या एका 'सामान'वर —

मी वरण वाढून घेतलं. म्हटलं, "वा." पण डूख धरलाय. सापाने धरावा तसा.

९ मार्च

गिअरची शिकावी का? शांत डोक्याने विचार करायचा म्हणून बसलो. शांत डोकं मिळालं नाही, विचार मात्र झाला.

न शिकण्याची कारणं: सात धडे झालेत, महिन्यावर परीक्षा आहे, वय आहे, चढ आहे, चौकात गाडी बंद पडली की मागचे भोंगे वाजवतात आणि माझे कान नाजूक आहेत.

शिकण्याचं कारण: महारथी.

एकच, पण वजनदार. शिवाय हिची गाडी खाली उभीच आहे हे बाहेर सांगायला बरं. लोकांना कारण लागतं, तेव्हा हेच सांगीन.

बाईंना विचारलं. त्या स्पष्ट बोलल्या. "मध्येच बदलू नका. एक गाडी पक्की होऊ दे. सकाळी एक, संध्याकाळी दुसरी असं केलंत तर पाय चुकतात. डावा पाय क्लच समजून ब्रेकवर पडतो. ऑटोमॅटिकचा ब्रेक चांगला रुंद असतो, त्याला सापडतोच. गाडी जागच्या जागी थांबते आणि आतली माणसं पुढे जातात."

"किती जण असं करतात?"

"नवशिके? दहातले चार तरी."

तरी बदलणार. सकाळी बाईंकडे गिअर, परीक्षेपुरतं संध्याकाळी ऑटोमॅटिक. डाव्या पायाला सन्मानाने परत बोलावलं आहे.

११ मार्च

क्लच. नऊ वेळा बंद पडली. दहाव्यांदा उडी मारून बंद पडली.

बाई म्हणाल्या, "सोडू नका हो असा! झोपलेल्या माणसाला कळता कामा नये तुम्ही गिअर बदललात ते."

मी एक सूत्र रचलं: शनैः क्लचं त्यजेत्, न तु धैर्यम्. बाईंना अर्थ सांगितला. क्लच हळू सोडावा, धीर सोडू नये. म्हणाल्या, "पहिलं अर्धंच पाळा. दुसरं माझं मी बघते."

१२ मार्च, गुरुवार

तपासणीला टॅक्सीने. टॅक्सीवाला प्रत्येक खड्ड्याशी ओळख ठेवून होता. मी दर खड्ड्याला हिचा हात धरायचो, ही म्हणायची, "अहो, डोळा हातात नाहीये माझ्या."

डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. "चांगलं आहे. पण अजून ओल्या भिंतींचं घर आहे असं समजा. टेकू नका त्याला."

१५ मार्च

आज गंमत झाली. ही म्हणाली, "चला खाली, मी शिकवते." चालत्या गाडीत नको म्हणून जिन्याखालच्या आवारात, बंद गाडीतच बसलो. खोळ काढली. ही शेजारी, डोळे मिटून. आणि इंजिन हिच्या तोंडात!

"हं, पहिला. घुंऽऽऽ. घुंऽऽऽऽ! रडतेय ती, ऐकू येत नाही का? दुसरा टाका!"

मी क्लच दाबायचो, दांडा ओढायचो. चुकला की ही खर्रऽ करायची, हुबेहूब. तिसऱ्यावर सुखाने गुणगुणायला लागली. चौथ्यावर म्हणाली, "आता बाहेर शेतं लागली बघा." वरच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून पाहत होत्या. ब्रेकचा आवाज एवढा मोठा काढला की आजी आत गेल्या.

उतरताना हिने स्टिअरिंगवर हात ठेवला. थोडा वेळ ठेवला. म्हणाली, "पक्कं शिका. मला ही गाडी विकायची नाहीये."

मी हो म्हटलं. मनात मात्र महारथींचा चेहरा होता, मी चौथ्यावर त्यांच्या दारावरून सुसाट जाईन तेव्हाचा.

१८ मार्च

चढावर गाडी बंद न पाडता उभी केली. बाई म्हणाल्या, "बरं." हा शब्द चौकटीत घालून भिंतीवर लावावा.

संध्याकाळी ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय एकदा वळवळला. दटावला. बसला.

२२ मार्च, रविवार

आजचा दिवस सोन्याच्या शाईने लिहावा.

महारथींनी नवी गाडी घेतली. ऑटोमॅटिक!!

मी तीनदा विचारलं. चौथ्यांदा मेहुणीनेच सांगितलं, "अहो, गुडघा दुखतो ना यांचा. क्लच झेपत नाही." महारथी खिडकीबाहेर बघत होते. मी म्हणालो, "साडूभाऊ, अभिनंदन. पाळण्याला घुंगरू लावून घेतलेत का?" मेहुणी हसली. पण मी हिच्याकडे बघत होतो, आणि ही? "पुरे हो," म्हणाली. त्यालाच चहा आधी दिला.

म्हणजे हिशेब फिटला नाही. वर महारथी म्हणतात, "गुरुवारी ताईंना दवाखान्यात मीच नेतो. येताना तुम्ही चालवा. बघू तरी काय शिकलात! तुम्हाला काय, स्टिअरिंग धरून बसायचं. सामानालासुद्धा जमेल."

पुन्हा सामान! ठीक आहे. चांगला वचपा काढीन. कसा ते ठरलेलं नाही, पण नक्की काढीन.

२५ मार्च

उद्या. महारथी पट्टा लावत नाहीत. "शर्ट चुरगळतो." स्वतःच रविवारी सांगितलं, फुशारकीने.

२६ मार्च, गुरुवार

डॉक्टरांकडून उत्तम बातमी. पडदा धरलाय! "महिनाभर अजून जपा, मग घराजवळ चालवायला हरकत नाही." ही जिन्यावरून उतरताना पहिल्यांदा कठडा न धरता उतरली.

आणि आता दुसरी. मुद्दाम पान उलटून नव्या पानावर लिहितोय. आनंदाने.

परत येताना कारखान्याच्या लांब भिंतीजवळ महारथींनी गाडी थांबवली. "या, साडूभाऊ. रस्ता मोकळा आहे." ही मागे, पट्टा लावून. ते माझ्या शेजारी, बिनपट्ट्याचे, इस्त्री शाबूत. मी निघालो. लोण्यासारखी चालली. महारथींचं तोंड सुरू. "डावा पाय निजवलात ना? अंगाई म्हणा त्याला. अरे वा, भिंतीला न लागता चाललोय! ताई, बघा हो, सामान चालायला लागलं!"

आणि डावा पाय पडला. पूर्ण. क्लचवर पडावा तसा, फक्त तिथे ब्रेक होता.

महारथींचं कपाळ समोरच्या फळीवर — टण्ण! लाकडी खडाव पडल्यासारखा आवाज. चष्मा कुठल्या कुठे. आवळ्याएवढं टेंगूळ, आणि नजरेसमोर त्याचा लिंबाएवढा विकास. मी म्हणत होतो, "अरेरे, क्लच समजलो! सवय हो, सवय!" बाईंनी सांगितलंच होतं, दहातले चार. मी त्या चारांतला नाही.

ही मागून म्हणाली, "मला काही झालं नाही. यांना बघा."

महारथींनी स्टिअरिंग घेतलं. घरी पोहोचेपर्यंत एका हाताने टेंगूळ झाकून चालवली.

वचपा: पूर्ण.

२७ मार्च

मेहुणीचा फोन. टेंगूळ निळं झालंय. मी दुःख व्यक्त केलं. अस्सल वाटलं असावं.

बाईंना सांगितलं तर कपाळाला हात लावला. "सांगितलं होतं! दोन्ही गाड्या एकदम नकोत म्हणून!" मी मान खाली घातली. आता ठरलं, यापुढे फक्त गिअरची. परीक्षाही तीच. निर्णय कसा आपोआप लागला! छापखान्यातही सगळ्यांना गोष्ट सांगितली. अक्षरजुळणी करणाऱ्याने तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा टण्ण मी टेबलावर मुठीने वाजवून दाखवला.

२८ मार्च

महारथी आले. कपाळावर पट्टी, हातात फळांची पिशवी. मला वाटलं भांडायला आले. तयारीत होतो.

म्हणाले, "चूक माझीच हो. शिकणाऱ्या माणसाशी बोलू नये. आणि पट्टा... हिने कान उपटले." मग हळूच, "त्या दिवशी जेवताना मी जास्तच बोललो. ताई हसल्या ना, मग मला राहवेना. किती दिवसांनी हसत होत्या."

हे काय! शत्रूने ऐन वेळी शरण यावं म्हणजे सुडाचा सगळा बेतच बिघडला. मी म्हणालो, "असू द्या हो." मोठ्या मनाने. मोठं मन उसनं आणलं होतं.

ही आत पडून होती. डोकं जड आहे म्हणाली. त्याला भेटायला बाहेर आली नाही.

२९ मार्च, रविवार

डॉक्टरांनी आत्ताच्या आत्ता बोलावलंय. टॅक्सी सांगितली आहे. ही साडी बदलतेय.

डाव्या डोळ्याच्या कडेला काळी सावली आहे. आज वर सरकली म्हणून सांगितलं. गुरुवारी संध्याकाळपासून आहे. "तेव्हाच का नाही बोललीस?" तर म्हणाली, "तुम्ही घाबरून गाडी सोडून दिली असतीत. पाय काय, कुणाचाही चुकतो."

पाय चुकला नव्हता. तो ब्रेक आहे हे मला माहीत होतं. आणि ही मागे बसली आहे, हे मी विसरलो होतो.